हळवी लेक आणि आईच्या मनातला ताप



चातुर्मास जवळ आला की आपल्या घरात डबे रिकामे करून उन्हात ठेवायची घाई सुरू होते. पावसाळ्यात पिठाची मर्यादा तीनच दिवस, म्हणून दळणाचं गणित बसवायचं, धान्य निवडून ठेवायचं, गाळणीची फडकी नवी शिवायची. हे सगळं मला आवडतं. पण त्याच दिवसांत माझ्या मनात दुसरी एक यादी चालू असते. पाठशाळेचा कार्यक्रम, मिरवणूक, झांजपथक, माईक, घरी उतरणारे पाहुणे, टोचणारा जरीचा परकर. यातली प्रत्येक गोष्ट माझ्या धाकटीला जड जाते, आणि तिला जड गेलं की मला रात्री झोप लागत नाही.

यंदा यावर लिहायचं ठरवलं, कारण वर्षभरात आपल्यातल्या तीन-चार जणींनी मला हेच सांगितलं, तेही मंदिराच्या ओसरीवर, चपला घालता घालता, आवाज उतरवून. मुलाला गोवर आला तर आपण गल्लीभर सांगतो. मूल हळवं आहे, हे सांगताना मात्र आवाज खाली जातो. जणू काही आपणच काही केलंय.

धाकटी आठ वर्षांची आहे. मोज्याची शिवण बोटांवर आली तर ती पाऊल पुढे टाकत नाही. फ्रॉकच्या मानेची पट्टी मला कापूनच द्यावी लागते. कुकरची शिट्टी व्हायच्या आधी ती गच्चीवर गेलेली असते. टोमॅटोची साल, भेंडीचा बुळबुळीतपणा, पोह्यातली कडक राहिलेली मोहरी, सगळं तिला जिभेवर वेगवेगळं कळतं. एवढंच असतं तर सोपं होतं. वर्गात बाईंनी दुसऱ्याच मुलाला रागावलं तरी पोट हिचं दुखतं. आज्जीचं मन दुखावलंय हे आज्जीच्या आधी हिला कळतं. दुकानातून हे आले, चप्पल काढली, की त्या चपलेच्या आवाजावरून ती मला हळूच सांगते, "आज पप्पांशी नंतर बोल."

थोरला तेरा वर्षांचा. त्याच्या कानाशी ढोल वाजवला तरी तो वरणभात दुसऱ्यांदा मागून घेईल. आई तीच, स्वयंपाकघर तेच, पाळण्यातली गाणीसुद्धा तीच. एवढा एक पुरावा खरं म्हणजे पुरेसा होता, पण मला तो पुरेसा वाटायला फार वर्षं लागली.

कारण बोलणारी माणसं थांबत नाहीत. एका लग्नात, एकाच पंगतीत, मला दोन बाजूंनी दोन गोष्टी ऐकायला मिळाल्या. डावीकडच्या मावशी म्हणाल्या, "लाडावून ठेवलीस गं, जरा कडक हो." उजवीकडच्या वहिनी म्हणाल्या, "तू पतसंस्थेत दिवसभर, लेकरू आईच्या मायेला मुकतंय." म्हणजे मी एकाच वेळी जास्त माया करत होते आणि कमीही. तिसऱ्या कुणी विचारलं, "पोटात असताना काही वाईट बघितलं-वाचलं होतंस काय?" याला काय उत्तर देणार! आठवा महिना संपेपर्यंत मी वर्षअखेरीचे हिशेब बघत होते. त्यातलं वाईट बघायचं तर थकबाकीदारांची यादी.

या स्वभावाला इंग्रजीत नाव आहे. अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलेन आरन यांनी १९९६ साली अतिसंवेदनशील माणसांवर पुस्तक लिहिलं आणि २००२ साली अशा मुलांवर, 'द हायली सेन्सिटिव्ह चाइल्ड'. त्यांच्या मते शंभरातली पंधरा ते वीस माणसं जन्मतःच अशी असतात. आवाज, स्पर्श, चव, दुसऱ्याचा चेहरा, हे सगळं त्यांच्या आत जास्त खोल जातं आणि जास्त वेळ राहतं, म्हणून ती लवकर थकतात. हा आजार नाही आणि कुणी लावलेली सवयही नाही. असा स्वभाव शंभराहून जास्त प्राणिजातींत दिसतो, असंही त्या म्हणतात. हे वाचून मला बरं वाटलं. प्रत्येक जीव वेगळा घेऊन येतो, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलेलं असतंच की.

एक सांगून ठेवते. मूल खाणं-झोपणंच सोडत असेल, शाळा पूर्ण सुटत असेल, बोलणं किंवा खेळणं मागे पडत असेल, तर 'हळवं आहे' म्हणून घरी बसू नका, बालरोगतज्ज्ञांना दाखवा. आम्हीही दाखवलं होतं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं, तब्येत छान आहे, जरा गोंगाट कमी करा. डॉक्टरांना सांगायला काय जातं? भाद्रपदात सांगलीत गोंगाट कमी करा!

आपलं दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमीपासून चतुर्दशीपर्यंत, आणि गावाचे गणपतीचे दिवसही तेच. सकाळी मंदिरात माईकवर अभिषेकाचे सवाल, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मंडळाचे स्पीकर. आनंदाचे दिवस आहेत, कुणाला नावं ठेवायची नाहीत. पण धाकटीसाठी ते दहा दिवस म्हणजे अंगावरची साल काढून गर्दीत उभं राहणं.

त्यात तिचा नियम. मागच्या चातुर्मासात पाठशाळेच्या सगळ्या मुलांनी माताजींकडे वर्षभर रात्री न जेवण्याचा नियम घेतला. दिवाळीपर्यंत निम्मी मुलं विसरली, उरलेल्यांच्या आया विसरल्या. ही विसरली नाही. अशी मुलं नियम घेतात तो हाडापर्यंत घेतात. शाळेची व्हॅन साडेपाचला येते आणि डिसेंबरात इकडे सहाच्या सुमारास सूर्य मावळतो. हातात अर्धा तास. शाळेतून आलेलं मूल हात धुऊन जेवायला बसेल असं आपल्याला वाटतं. ही मात्र आली की देवघराच्या कोपऱ्यात पांघरूण डोक्यावरून घेऊन पडते. दिवसभराचा वर्गातला आवाज तिच्या अंगात वाजत असतो. त्या वेळी घासाचा वाससुद्धा नको असतो. घड्याळ पुढे सरकतंय, पोर उपाशी आहे, तिला उठवावं तर रडते आणि न उठवावं तर रात्रभर पोट रिकामं. मोठ्या माणसाचा नियम मोठ्या माणसाला पेलतो, पण आठ वर्षांच्या पोरीला तो मोडायला सांगणं मला जमलं नाही आणि पाळायला लावणंही.

तोडगा शेवटी सासूबाईंनी काढला. शाळा सुटल्यावर व्हॅन सुटेपर्यंत दहा-बारा मिनिटं असतात. तेवढ्यात झाडाखाली बसून खायला दुसरा छोटा डबा, त्यात दशमी आणि दाण्याचा लाडू. घरी आल्यावर मऊ वरणभात कालवून, तूप घालून, वाटी तिच्याजवळ ठेवायची आणि शेजारी गप्प बसायचं. 'खा' म्हणायचं नाही. पाच-सात मिनिटांनी पांघरुणातून हात बाहेर येतो. हे मी आणि सासूबाई आळीपाळीने करतो. (हे दुकानातून उशिरा येतात. पप्पांच्या अपराधी भावनेला अजून कुणी इंग्रजी नाव शोधलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंय ना?)

एवढं करूनही मनातली रुखरुख जात नव्हती, उलट तिला रोज नवं कारण मिळायचं. मागच्या उन्हाळ्यात एका क्षेत्रावर दर्शनाला गेलो होतो. आपल्याकडे बऱ्याच ठिकाणी असतात तशी तिथे भिंतीवर नरकाची चित्रं होती. थोरल्याने कढया मोजल्या आणि तो प्रसादाच्या रांगेत पळाला. धाकटी मात्र तिथेच खिळली. पुढच्या चार रात्री ती माझा अंगठा मुठीत धरून झोपली. पाचव्या रात्री तिने विचारलं, "मम्मी, चालताना माझ्या पायाखाली मुंगी मेली आणि मला कळलंच नाही, तर?"

पाठशाळेत शिकलेलंच मी तिला सांगितलं. हिंसा प्रमादातून होते. जो खाली बघून, जपून पाऊल टाकतो, त्याच्या पायाखाली नकळत एखादा जीव आला तरी त्या मरणाचं पाप त्याला लागत नाही. मुनिमहाराज चार हात जमीन बघून चालतात ते यासाठीच. ती बराच वेळ विचार करत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे मी बघून चालले, तर माझा दोष नाही?" मी म्हटलं, "नाही." त्या रात्री ती माझा अंगठा न धरता झोपली.

यानंतर काही आठवड्यांनी, एका रविवारी, मी भाजी निवडत होते. दुपारीच कुणीतरी फोनवर मला चार शब्द सुनावले होते आणि ते डोक्यात फिरत होते. तोंडातून मी काही बोलले नव्हते. धाकटी समोर बसून गवार मोडत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नसते तर तुला एवढं टेन्शन नसतं ना?"

आठ वर्षांच्या मुलीने गवारीच्या शेंगेकडे बघत हे विचारावं! मी तिला जवळ घेतलं, जे बोलायचं ते बोलले, ती हसलीही. पण मला कळलं की माझ्या आतली ही रुखरुख फक्त माझी राहिलेली नाही. जी पोर चपलेच्या आवाजावरून माणसाचं मन ओळखते, तिच्यापासून आईचं मन कसं लपणार? लोकांनी माझ्या पदरात टाकलेलं ती स्वतःच्या पदरात घेत होती.

दुसऱ्या दिवशी मी माताजींच्या दर्शनाला गेले. वंदामि केलं आणि म्हटलं, "माताजी, मला काहीतरी प्रायश्चित्त द्या."

"कशाचं?"

"लेकीला जो त्रास होतो तो माझ्यामुळे होतो, असं वाटतं."

"वाटतं ते बाजूला ठेव. दोष कोणता घडला ते सांग. कधी, कुठे, तू काय केलंस?"

मी सांगायला लागले. मोजे, मिरवणूक, उपाशी संध्याकाळी, नरकाचं चित्र, तिच्या चार रात्री, मुंगी, मी दिलेलं उत्तर, नोकरी, पंगतीतल्या बायका. बराच वेळ बोलत होते. त्यांनी मध्ये एकदाही अडवलं नाही. माझं संपल्यावर म्हणाल्या, "हे सगळं घडलं, खरं आहे. यात तू केलेला दोष कोणता?"

मी पुन्हा पहिल्यापासून आठवून बघितलं. एकही सांगता येईना.

"मग आलोचना कशाची करणार?" त्या म्हणाल्या. प्रायश्चित्ताचे नऊ प्रकार आहेत आणि त्यातला पहिलाच आलोचना, म्हणजे गुरूंसमोर आपला दोष सांगणं. दोष असला तर त्याला नाव असतं, वेळ असते, जागा असते. तो सांगता येतो, म्हणून धुताही येतो. ज्याला नावच नाही, ते धुणार कसं? ते नुसतं घोळत राहतं आणि त्याला आर्तध्यान म्हणतात. मग त्यांनी मला विचारलं, "मुंगीचा हिशेब लेकीला बरोबर सांगितलास. जपून चालणाऱ्याला पाप नाही. तूही बघूनच चालतेस ना? मग तोच हिशेब तुला का लागू नाही?"

मैत्रिणींनो, मी तिथे रडले. पण ते रडणं वेगळं होतं.

त्यांनी मग तत्त्वार्थसूत्राचा सहावा अध्याय काढला. असातावेदनीय कर्म कशाने बांधलं जातं ते तिथे सांगितलंय. दुःख, शोक, ताप, आक्रोश अशी कारणं येतात आणि पुढे असं आहे की ही स्वतःमध्ये असोत, दुसऱ्यात असोत वा दोघांमध्ये, बंध होतोच. स्वतःला जाळणंही त्यात धरलंय! आजवर मला वाटायचं, दुसऱ्याला दुखावलं तर पाप, स्वतःला दुखावलं तर ती तपश्चर्या. त्यातल्या 'ताप' या शब्दाचा अर्थ आचार्य पूज्यपादांनी सर्वार्थसिद्धीत दिलाय, तो माताजींनी मराठीत समजावला. लोकांच्या निंदेसारख्या कारणाने मन गढूळ होतं आणि आत तीव्र पस्तावा जळत राहतो, तो ताप. पंगतीतल्या डावीकडच्या मावशी आणि उजवीकडच्या वहिनी मला त्या शब्दात स्पष्ट दिसल्या. 'मॉम गिल्ट' म्हणतात ते हेच असेल, तर आपल्या आचार्यांनी ते कित्येक शतकांपूर्वी ओळखून, नाव देऊन ठेवलंय. आणि ते पुण्याच्या खात्यात लिहिलेलं नाही.

याच ठिकाणी पुढे एक शंका घेतलीय. दुःख देणं म्हणजे बंध, तर उपवास, केशलोच यांचं काय? त्यावर वैद्याचा दाखला आहे. दयाळू मनाने वैद्य मुनींच्या अंगावरचं गळू कापतो. वेदना होते, पण वैद्याला पाप लागत नाही. घरी येताना मी हाच दाखला मनात घोळवत होते. सोमवारी सकाळी व्हॅनच्या दारात धाकटी माझं बोट सोडत नाही, डोळे भरतात आणि मी ते बोट सोडवून तिला आत बसवते. त्यानंतर दहापर्यंत मला हिशेबाचे आकडे दिसत नसत. आता दिसतात. तिचं रडणं खरं आहे, आणि शाळेत पाठवणंही योग्य आहे. दोन्ही एकदम असू शकतं.

घरात लगेच सगळं बदललं असं नाही. रुखरुख आली की मी तिला विचारते, तुझं नाव काय, तू कधीची, कुठली? उत्तर आलं तर ती संध्याकाळच्या प्रतिक्रमणात जाते. नाही आलं तर नऊ वेळा णमोकार म्हणते आणि कणीक मळायला घेते. लोकांना मी आता एकच वाक्य सांगते, "ती तशीच आहे, आणि छान आहे." पुढे काही बोलत नाही. फार समजावत बसलं की समोरच्याला वाटतं, अजून बोलायला जागा आहे.

सासूबाई परवा शेजारणीला सांगत होत्या ते मी आतून ऐकलं. "नेमिनाथांची वरात निघाली तेव्हा सगळे वाजंत्री ऐकत होते. कोंडलेल्या जनावरांचा आक्रोश ऐकून रथ कुणी फिरवला? आमची पोरगी कानाची तिखट आहे म्हणून काय बिघडलं?" मला हसूही आलं आणि भरूनही आलं. याच सासूबाई तीन वर्षांपूर्वी 'जरा बाहेर गर्दीत सोड तिला, सवय होईल' म्हणायच्या. पण त्यांना मी नंतर एवढं म्हटलं, "आई, तिच्यासमोर हे नको. तीर्थंकरांचं माप तिला लावलं तर ती तेही मनाला लावून घेईल." त्यांना पटलं. हळव्या मुलाला कमी लेखणं जसं ओझं, तसं त्याला थोर ठरवणंही ओझंच.

या पर्युषणाचं आमचं ठरलंय. सकाळी सहाला, माईक सुरू व्हायच्या आधी, दोघी दर्शनाला जाणार. त्या वेळी मंदिरात उपाध्ये, एखादी आजी आणि ओल्या फरशीचा गारवा, एवढंच असतं. मिरवणुकीला थोरला आणि हे जातील. आम्ही गच्चीवरून बघू, आणि तिला खाली उतरावंसं वाटलं तर उतरू. पाठशाळेच्या बाईंनी नृत्यात घेण्याबद्दल विचारलं होतं. धाकटीने स्वतःच जाऊन सांगितलं, "मला नाचायचं नाही, मी पूजेची तयारी करू का?" तिला अष्टद्रव्यातल्या अक्षतांचं काम मिळालंय. अक्षतांना तांदूळ अख्खा लागतो, तुकडा चालत नाही. तुटलेला दाणा तिच्या बोटांना डोळ्यांच्या आधी कळतो. दोन किलो तांदूळ कालच आणून ठेवलेत. शाळेतून आल्यावर, वरणभात झाला की, ती ताट मांडीवर घेऊन खिडकीत बसते. तुकडे वेगळ्या वाटीत काढते. "हे टाकायचे नाहीत हं," तिने मला बजावलंय, "ह्याची आपण खिचडी करू."